फरदड उपटली त्या वर्षी

जळगाव जामोदकडच्या आमच्या वावरात त्या दिवाळीनंतर कपाशी बाहेरून हिरवीगार दिसत होती. मी एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. आणखी फोडली, तेच.

बियाणं बीटीचं होतं. झाडातच विष असतं, अळीने तोंड लावलं की ती मरते, असं सांगून विकलेलं. ओंजळभर बोंडं घेऊन मी दुकानात गेले.

"ताई, फवारणी कमी पडली तुमची," दुकानदार म्हणाला.

"अळी बोंडाच्या आत हाय. बाहेरून फवारून तिले काय होते?"

त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

सुरुवातीला अळ्या खरंच मरायच्या. पण एखादी विष पचवून जगली, आणि मग तिच्यासारख्यांचीच पिलावळ शिवारभर वाढली. आम्ही तिला उन्हाळ्यापर्यंत जेवू घालत होतो. वेचणी झाली तरी पाणी देऊन पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवायची, पुन्हा बोंडं धरायची. त्याला फरदड म्हणतात. डिसेंबरात मी ती उपटायला घेतली.

सासरे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर येऊन उभे राहिले. "विहिरीले पाणी हाय, अन् उभं पीक उपटून राह्यली तू? काऊन?"

"मामाजी, आता धरतीन ती बोंडं अळीचीच. मी तिले पोसणार नाही."

"गाव हासते."

"हासू द्या."

ते गेले. तळहात सोलले, तरी मी थांबले नाही.

पुढच्या पेरणीला बीटीच्या पिशवीसोबत येणारी साध्या कपाशीची पुडी मी कडेने लावली. गावात ती फेकून द्यायचे. साध्या झाडांवर विष न पचणाऱ्या अळ्याही जगतात आणि त्यांचे पतंग होतात. त्यांची जोडी विष पचवलेल्या चिवट पतंगांशी जमली, तर पुढच्या काही अळ्या तरी विषाने मरतील, एवढीच आशा होती. उशीर झालाय हे मला कळत होतं. तरी लावली.

अळी आलीच. शेजारच्या फरदडीतून पतंग उडून येणारच होते. पण उशिरा आली, आणि पहिली वेचणी पांढरीशुभ्र निघाली. वेचण्या उरकल्यावर सासरे माझ्या आधी वावरात जाऊन पऱ्हाटी उपटायला लागले. दुपारी त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली.

"तुही पऱ्हाटी कवा उपटतं बे?"

"पाहू," तो म्हणाला.

"पाहू नाही. उपट."