डब्यावरची फरशीवाली

सांगते, पण हसायचं नाही. फरशीवालीला मी पहिल्यांदा पाहिलं ते दातांच्या डॉक्टरकडे, टेबलावरच्या एका डब्यावर. देशोदेशी काम करणारी मोठी संस्था, तिचा मदतीचा डबा. त्यावर ही उभी. अनवाणी, मोडक्या गोठ्यासमोर, नजर खाली. फोटोखाली लिहिलेलं, 'आजही हिची चूल पेटलेली नाही.' माझी दाढ ठणकत होती, तरी जीव कळवळला हो.

पुढे आम्ही घर बदललं, तर समोरच्याच दारात तीच बाई. मी लगबगीनं पिशवीत तांदूळ, डाळ आणि माझा जुना स्वेटर भरला आणि गेले. दार उघडलं तिनं. गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या, नखांत पांढरं सिमेंट, गालात घास. आणि घर असं की मलाच लाजल्यासारखं झालं. फरश्या बसवायचं काम तिचं, आणि लोकांच्या कामावरून उरलेले फरशीचे तुकडे जोडून जमीन केलेली. एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही आणि एक सांधा चुकलेला नाही.

"हे काय?"

"तुमच्यासाठीच. थोडंसं."

तिनं स्वेटर चिमटीत धरून उलटासुलटा केला. "भंगारवाला कोपऱ्यावर बसतो, बाई."

मग मला डब्याचं सांगावंच लागलं. तिचा घास गालातच राहिला.

झालं होतं असं. संस्थेनं गल्लीत पाण्याचा नळ आणला, आणि त्याच्याभोवतीचा ओटा हिनं बांधला, फुकट, हौसेनं. संस्थेची एक पोरगी देखरेखीला यायची. हिला मावशी म्हणायची, दुपारी हक्कानं हिच्या ताटात जेवायची. ओटा झाल्यावर तिनं फोटोवाला आणला. फरशीवाली नवे कपडे घालून, कानात डूल घालून ओट्याशी ऐटीत उभी राहिली. पुष्कळ फोटो निघाले. मग पोरगी म्हणाली, मावशी, आता एक शेजारच्या गोठ्यापाशी. चपला काढ. डूल काढ. साधे कपडे घाल. हसू नकोस.

हिनं का म्हणून विचारलं नाही. आपल्या ताटात जेवणाऱ्या पोरीला काय विचारायचं? उलट हिला वाटत होतं, परदेशातल्या मोठ्या कचेरीत आपल्या ओट्याचा फोटो भिंतीवर लागलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची सुद्धा.

माझ्याकडून डब्याचं कळलं, आणि त्यातच पुढे मुलाचा फोन आला. तो जहाजावर स्वयंपाकी. कुठे कुठे खेटे घालून ती नोकरी मिळालेली. एका बंदरात उतरला, तर बसथांब्यावरच्या जाहिरातीत माणसाहून उंच त्याची आई, उपाशी. तेव्हापासून रोज एकच प्रश्न, "जेवलीस?" ही हो म्हणाली तरी त्याला पटेना. शेवटी म्हणाला, "मी पाठवतो ते तू खातच नाहीस. माझ्यासाठी ठेवतेस. मी नोकरी सोडून येतोय."

हिनं त्या पोरीला बोलावून घेतलं. मी होतेच तिथे. मी कुठे नसते? पोरगी आली, सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली, आणि हिनं पाणीसुद्धा विचारलं नाही तशी उंबऱ्यावरच थांबली.

"फोटो उतरवा."

"मावशी, वर्षभराची मोहीम आहे. सगळीकडे लागलाय तो. माझ्या हातात नाही गं."

"ओट्याचा लावायचा होता ना?"

"पाठवला होता. नळ बघून कुणाला रडू येत नाही म्हणाले. आणि रडू आलं नाही तर पुढच्या वस्तीत नळ कशातून यायचा?"

"तुला माहीत होतं, खाली काय लिहिणार ते?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा चाचपत राहिली.

"इथंच जेवायचीस तू," फरशीवाली म्हणाली. "माझीच चूल पेटलेली नाही होय?"

पोरगी रडत गेली, आणि इतकी तोंडाळ बाई दिवसभर भिंतीला टेकून बसली. मीही गप्प होते, म्हणजे बघा.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावून माझा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मुलाच्या समोर तिला जेवायला बसवलं.

"हे दाखवायला जेवतेयस," तो म्हणाला. मागे त्याचं जहाजावरचं स्वयंपाकघर. बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"मग काय लपून जेवू?"

"त्या फोटोत तुझे डोळे बघितलेत मी. मला आईचे डोळे कळत नाहीत?"

"नाही कळत. मी गोठ्याची जमीन बघत होते. त्या गाढव शेजाऱ्यानं पाण्याचा ढाळ भिंतीकडे दिलाय. धुवायला घेतली तर बकरी पोहेल त्याची."

"काहीतरी सांगू नकोस."

"बरं. तुझ्या मागे, नळाच्या वरची फरशी तिरकी बसलीय."

"सरळ आहे."

"तिरकी."

"आई, जहाज हलतंय."

"जहाज हललं तर सगळ्या हलतील. ही एकटीच कशी हलते?"

तो उठला. भाजी चिरायच्या फळीची कड त्यानं फरशीला लावली. डोळा बारीक केला. पुन्हा लावली. मी श्वास धरून बसलेली, ही मात्र निवांत चावतेय.

"वरून आहे जराशी," तो म्हणाला.

"वरून नाही, खालून."

तो पुन्हा वाकला. बराच वेळ पाठच दिसत होती, आणि ती पाठ हसत होती.

"खालून," तो म्हणाला.

"मग ती बॅग रिकामी कर," फरशीवाली म्हणाली, आणि तिनं आणखी वाढून घेतलं.