आधी नुसती पेज

परवा सकाळपासून आमच्या मालवणच्या घरात माझा पाय एका जागी ठरेना. कारण काय, तर नातीचा लॅपटॉप मेला!

नात म्हणजे सायली, धाकट्या लेकाची. शाळेच्या इमारतीचे नकाशे काढायचं काम तिला मिळालेलं आणि ते चारच्या आत पाठवायचे होते. एकटीच्या नावावरचं पहिलंच काम... पोरीने चहासुद्धा घेतला नाही.

बरं, लॅपटॉप गेला तरी आतली डिस्क शाबूत होती. ती काढून तिने काकाच्या जुन्या कॉम्प्युटरला लावली. चालू केला की ठिपके गोल गोल फिरत आणि मग निळा पडदा... पुन्हा तेच. दहादा झालं. मी तिसरी शिकलेली, पण मोजता येतं हो मला!

ती खुर्चीत चुळबुळतेय, मी ओटीवरून आत, आतून ओटीवर. शेवटी शहाणपणा केलाच. "फायली काढून दुसरीकडे घे ना गो."

"आजी, त्या उघडणारं सॉफ्टवेअर ह्याच सिस्टीममध्ये आहे. आणि सिस्टीम अजून जुन्याच मशीनचे पार्ट शोधतेय. इथले तिला ओळखूच येत नाहीत."

मी मटकन बाकावर बसले... अहो, ही तर माझीच गोष्ट!

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. धामापूरहून लग्न होऊन मी इथे आले. माहेरी तळ्याचं गोडं पाणी आणि चुलीत जाड लाकडं. इथे बावीचं, म्हणजे विहिरीचं पाणी खारट मचूळ आणि चुलीत माडाची चुडतं, म्हणजे वाळक्या झावळ्या... भडकन पेटायची, फटकन विझायची. पहिल्याच दिवशी माझा भात खाली करपला, वर कच्चा. त्यात हाताच्या सवयीने माहेरच्याइतकंच मीठ घातलेलं!  मामंजी जेवताना तीन तांबे पाणी प्यायले.

मी मागच्या दारी माडाला टेकून रडत होते. उद्या उठून माहेर गाठायचं, हे नक्की केलेलं. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"गो बाय, माहेरची चूल डोक्यात घेवन हयची कशी पेटतली? उद्या भात नको, आमटी नको. नुसती पेज कर. आणि मीठ घालू नको, तां आमच्या बावीतच आसा! चुलीची नि तुझी वळख होवंदे, मगे काय तां रांध."

पेज कुठल्याही चुलीवर होते. जाळ कमीजास्त झाला तरी ती रुसत नाही. चार दिवस पेज केली, तेवढ्यात जाळ कळला, पाणी कळलं... पाचव्या दिवशी भात मोकळा!

तर मी सायलीला म्हटलं, "गो, एकदम सगळां रांधू नको. आधी पेज कर."

"आजी, मला आत्ता जेवायचं नाहीये!" फणकारलीच ती. मग मी चुलीची गोष्ट सांगितली... आणि अर्ध्यावरच ती ओरडली, "सेफ मोड! आजी, सेफ मोड!"

सेफ मोड म्हणजे, मला कळलं तसं, गरजेपुरतं चालू व्हायचं, बाकी थाट नाही. ही एवढाली अक्षरं, रंग उडालेले... पण उघडला! इथले पार्ट त्याने ओळखून घेतले. मग तिने बंद करून नेहमीसारखा लावला. मी डोळेच मिटले.

"आजी, बघ तरी!"

पावणेचारला नकाशे गेले.

संध्याकाळी मी कित्येक वर्षांनी हौसेने पेज केली. सायलीने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आजी, अळणी!"

सासूबाईंचं ऐकून मीठच घातलं नव्हतं ना मी! आता आमच्या नळाला धामापूरच्या तळ्याचंच गोडं पाणी येतं. माहेरचं पाणी माझ्या मागोमाग सासरी आलं... आणि हात बघा माझा, तो सासूबाईंचा होऊन बसलाय.