मेथी माहीच होती

सांगा बुवा, सांगा बुवा! टपरीवर टेकलो नाही की मांगं लागता. मी काय तमाशा हाओ? पण आता आयकाच. मेथी निवडाले बसलं की पानं मूठभर आन काड्यायचा ढीग मोठा. तसे हे किस्से साचले. सारे एका बारशापासून. इंझोरीले माह्या नातवाच्या बारशाच्या पंगतीत मेथी म्हणून ढोराचा लसूणघास वाढला, आन नाव खराब झालं माहं! जलमभर शेलूबाजारले मेथी इकणाऱ्याचं!

*

एक जीपवाला आला. जुडीसमोर फोन धरून उभा.

"फोटो कायले काढतं बे?"

"चेक करून राह्यलो, बुवा. फोन पानावरून सांगते."

फोन म्हणे, लसूणघास! अरे, दोघायच्याई देठाले तीन-तीन पानं. म्हटलं, "पान चोळ, वास घे."

"फोनले वास येत नाही, बुवा."

"मंग तुले नाक कायले देल्लं देवानं!"

*

एक बाई तं हर जुडीतलं पान तोडून खाये. "कडू लागून राह्यली हो."

"मेथी हाय माय, पेढा नाही!"

अर्धी जुडी चरून झाली तवा म्हणे, "हो, मेथीच हाय. आता डाउट नाही."

"किती देऊ?"

"मले पालक पाह्यजे होता!"

*

माह्या बाजूले पंजाब नावाचा गडी बसते. त्याचंई दुकान मेथीचंच. म्हणे, "बुवा, तुमाले घास न् मेथी कळत नसन. मी डोये बांधून सांगतो. गॅरंटी!"

बांधला त्याच्या डोयाले शेला. हातात लसूणघासाचं पान देल्लं. त्यानं चोळलं, लंबा वास घेतला, "मेथी!"

सारा बाजार हासला. सकायपासून मेथीच्या जुड्या बांधून राह्यला होता गडी. वास त्याच्या बोटायचाच होता!

शेला सोडला तरी अकड तशीच. म्हणे, "मंग बोटं तं बराबर ओयखली ना!"

*

घरचं आयका. बायकोनं मेथीची भाजी वाढली. म्हटलं, "वावरातून कवा आणली?"

"बाजारातून आणली. पंजाबभाऊजीकडून."

"घरी वाफा भरून मेथी असताना?"

"लोक इचारतात, घास तं नाही ना? म्या काय सांगू?"

मी उठलो, जुडी पाह्यली. पळसाच्या सालीची गाठ. असी गाठ या बाजारात म्याच मारतो. पंजाबचा माल सरला म्हणून सकायीच माह्याकडून नेली होती त्यानं!

*

आता ते बारसं.

मी दोन गठोडे घेऊन गेलो. एकात पंगतीसाठी मेथी, दुसऱ्यात लसूणघास, कारण इवायाची म्हैस महिन्याआधीच व्याली होती. इवाई म्हणजे माह्या पोरीचा सासरा. दोन्ही गठोडे एकाच जुन्या लुगड्याचे, म्हणून अंगणातच सांगतलं, "इवाईबुवा, मेथीचं पान टोकाले गोल न् रुंद, घासाचं लांबट. मेथीचा देठ कटकन मोडते, घासाचा दोरा निंगते. चोळून पाहा."

"मले नका शिकवू. मी का शहरातला हाओ?"

एक गठोडं त्यानं सोताच्या हातानं चुलीकडं नेलं, दुसरं म्हशीपुढं सोडलं. सयपाकीनबाईनं लसण-तिखट असं मारलं की कोणाले वास कळन!

पंगत बसली. लोक चावून राह्यले, चावूनच राह्यले. दोरे दातात. इवाई मधातच उठला आन हात वर करून म्हणे, "आमच्या इवायानं पाहुण्यायले चारा चारला!"

सारी पंगत खदाखदा. माही पोरगी खाली मान घालून भाकरी वाढत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, "मेथीच आणली होती म्या!" आयकते कोण?

दिवस कलला. म्हैस पिळली. इनबाईनं ताज्या दुधाचा चहा साऱ्यायले देल्ला. इवायानं एक घोट घेतला, कप नाकापाशी नेला, आन बायकोवर खेकसला, "ह्या चहाले मेथीचा वास काहून येऊन राह्यला?"

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. मी कप रिकामा केला आन म्हटलं, "इनबाई, अजून अर्धा द्या."

पंगतीची गोष्ट दुसऱ्या दिवशी जीपनं शेलूबाजारले पोचली. चहाची गोष्ट इवायानं घराभायेर पडू देल्ली नाही. माफी तं लांबच.

त्याचं नाव इचारता? नामदेव. नामदेव इवाई, इंझोरीवाले!