विहिरीजवळच्या तुकड्यातली काढणी

दादा आणि वहिनी परदेशात शेती करायला जाणार, हे आम्हाला दिवाळीत कळलं. दादा पुण्याला कंपनीत काम करतो. वहिनी पुण्याचीच, शाळेत शिकवायची. दोघं दिवाळीला घरी आले होते. जेवणं झाल्यावर दादानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरं जोडपं मातीचं घर बांधत होतं. मागं केळीची झाडं होती आणि सारखा पाऊस पडत होता.

"हे कोस्टा रिका," दादा म्हणाला. "आम्ही तिकडं जमीन घ्यायचा विचार करायलोत. विकण्यासाठी शेती नाही. जे खायचं ते आपणच पिकवायचं. बाहेरून काही आणायचं नाही."

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बेट हाय का हे?"

"बेट नाही बाबा, देश आहे."

"चारी बाजूनं पानी दिसायलंय."

"तो पाऊस आहे."

आईनं विचारलं की तिथं खातात काय. वहिनीनं सांगितलं, केळी, नीरफणस, अळूसारखे कंद, आणि कसावा. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, असं मी मध्येच सांगितलं. मी परभणीला कृषी महाविद्यालयात शिकते, त्यामुळे अशा वेळी सगळे माझ्याकडं बघतात आणि मला काहीतरी सांगावंच लागतं.

"म्हंजे रोज साबुदाना," आई म्हणाली. "रोजच एकादस म्हना की."

वहिनी सगळ्यात जास्त हसली. वहिनीबद्दल मला आधीच सांगायला हवं. ती उगाच काही करणारी नाही. तिनं पुण्यात गॅलरीत मेथी लावली होती, घरातला ओला कचरा कुजवून खत करायची, आणि माझ्याकडून कॉलेजची पुस्तकं नेऊन खरोखर वाचायची. तिच्याइतक्या मनापासून आमच्या वर्गात कोणी मातीचं प्रकरण वाचलं नसेल. ती मला विचारायची, आपली तूर तिथं येईल का, ज्वारी येईल का. मी म्हणायचे, बघावं लागेल. मला खरंच माहीत नव्हतं. आमचं सगळं शिक्षण खरीप आणि रब्बीचं. जिथं बारा महिने पाऊस पडतो तिथं रब्बी कशाला म्हणायचं, हेच मला कळत नव्हतं.

बाबांनी त्या रात्री एकच गोष्ट विचारली. "शेतीच करायची तर ही काय वाईट हाय?"

दादानं तांब्याला टेकवलेला मोबाइल उचलला. मग म्हणाला, "इथं सगळे बघतात, बाबा. मी नोकरी सोडून इथं आलो तर लोक म्हणतील, काढून टाकला. एखादं पीक गेलं तर म्हणतील, शिकून काय उपयोग. तिकडं आम्ही दोघंच. चुकलो तरी आमचं आम्ही."

"कोनी बगू ने मनून एवढं लांब?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच हिशेब लागत नव्हता. मलाही लागत नव्हता. बाबांनी दादाला शेतातून बाहेर काढायला किती वर्षं घातली ते मी पाहिलंय. आणि आता तो परत शेतातच जायचं म्हणत होता, फक्त दुसऱ्या शेतात.

परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसलं की बोरी लागतं. तिथं उतरून आत गेलं की आमचं गाव. गावात गोष्ट लपत नाही. संक्रांतीपर्यंत जो येईल तो विचारायचा, पोरगं गेल्यावर शेत कोण बघणार? बाबा म्हणायचे, बघू. मी तिथंच बसलेली असायचे, चहाचे कप गोळा करत. विचारणारा माझ्याकडं बघायचा नाही. त्याचं मला वाईट वाटायचं असं नाही. मला पुढं शिकायचं होतं, परभणीच्या बाहेर जाऊन, आणि मग नोकरी. कोणी माझ्याकडं बघत नव्हतं ते एका परीनं बरंच होतं.

पण एकदा मी सुट्टीला आले होते, तेव्हा बाबांनी धारा काढता काढता विचारलं, "तुज्या कॉलेजात ज्वारीचं काय काय शिकवतेत?" मी वाण सांगितले, खोडमाशी सांगितली, दोन ओळींतलं अंतर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बरं हाय." आणि दुधाची चरवी घेऊन घरात गेले. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की दादा गेला तर हे शेत माझ्यावर येणार. म्हणजे कोणी तसं म्हणालं नव्हतं. पण मी कपडे वाळत घालताना, अभ्यास करताना, तेच मनात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की मला ते नको होतं, हे मला शंभर टक्के म्हणता येत नव्हतं.

ज्वारी निसवून कणसं बाहेर पडली तेव्हा दादाचा फोन आला. त्याची कल्पना अशी होती की विहिरीजवळच्या तुकड्यातली ज्वारी तो आणि वहिनी दोघंच काढतील. कोणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर ते तिकडं जमीन बघायला जातील. नाही जमलं तर विषय बंद.

"पेरलं मी, राखलं मी," बाबा म्हणाले, "तुमी निस्ती काढनार. काढा."

ते दोघं सुट्टी काढून आले. वहिनीनं पूर्ण बाह्यांचा शर्ट आणला होता, हातमोजे आणले होते. मी पण त्या आठवड्यात घरीच होते. मला मदत करायची परवानगी नव्हती, फक्त पाणी नेऊन द्यायचं.

आता इथं जे झालं ते समजायला सावड माहीत पाहिजे. आमच्याकडं ज्वारी काढायला शेजारची पाच-सहा घरं मिळून काम करतात. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याचं शेत त्यानं दुपारची भाकरी-कालवण करायचं, एवढंच. त्या वर्षी आई-बाबा आधीच दोघा-तिघांच्या शेतात जाऊन आले होते. त्यामुळे आमची पाळी आली तेव्हा कोणाला बोलवायची गरज नव्हती. माणसं येणारच होती. दादाला हे लहानपणापासून माहीत होतं. पण तो इतकी वर्षं बाहेर होता, आणि त्याच्या मनात ती दोघांचीच काढणी इतकी पक्की झाली होती की त्याला त्याची आठवण राहिली नसावी.

पहिल्याच सकाळी, ऊन अजून कोवळं होतं, शेजारच्या शेतातली काकू पुढं आणि मागं चार-पाच जण असे बांधावर आले. काकूनं डोक्याला टॉवेल बांधला होता. बाबा मळणीचं मशीन सांगायला बोरीला गेले होते. आई घरी भाकरी थापत होती, कारण माणसं येणार हे तिला ठाऊक होतं. बांधावर मी होते, पाण्याची घागर घेऊन.

वहिनी पुढं झाली. तिनं हात जोडले. "काकू, नको. आम्ही दोघंच करणार आहोत. तुम्हाला कशाला त्रास?"

काकूला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. "तरास कशाचा माय? आपलंच हाय की."

"नाही, खरंच. आम्हाला एकट्यानं करून बघायचंय."

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं बघितलं. दादा वाकून ज्वारीची ताटं उपटत होता, त्यानं मान वर करून फक्त म्हटलं, "राहू द्या काकू, आम्ही करतो."

"मंग आमी जावं?"

दादा पुन्हा उपटायला वाकला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय ते मला समजेना. वहिनी चुकीचं काही म्हणत नव्हती. ती खरोखरच त्यांचे कष्ट वाचवत होती. आणि काकूही चुकीची नव्हती.

मागून एक जण म्हणाला, "चला रे. परदेशी ज्वारी हाय ही, आपल्या हाताला येनार न्हाई."

सगळे हसले, काकू सोडून. ती म्हणाली, "बरं बाई. तुमची ज्वारी, तुमचं मनगट." आणि ते आल्या वाटेनं गेले. आईनं केलेल्या भाकऱ्या त्या दिवशी फार उरल्या. तिनं त्या गाईला घातल्या.

त्या दोघांनी ती ज्वारी काढली. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण नंतर गावात वेगळंच बोललं गेलं. दोघांनी मिळून सगळा तुकडा उपटला, ताटं ओळीनं आडवी पाडली, कणसं खुडली, पेंड्या बांधल्या. पहिल्या दिवशीच वहिनीचे हातमोजे फाटले. तिच्या हातांवर पानांचे बारीक चरे उठले, मानेला ताटांची बारीक कूस लागून रात्रभर खाजायचं. दादाची कंबर अशी धरली की तो संध्याकाळी भिंतीला पाठ लावूनच बसायचा. मी पाणी न्यायचे आणि बांधावर उभी राहून बघायचे. कधी वाटायचं, यांना जमू नये. मग लगेच वहिनी घाम पुसून पुन्हा वाकायची आणि मला वाटायचं, जमूच दे. दोन्ही मलाच वाटायचं, आणि दोन्ही खरं असायचं.

शेवटची पेंडी बांधून झाली तेव्हा वहिनी तिच्यावरच बसली. "जमलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दादानं तिचा हात धरला. माझ्यासमोर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

बाबा आले. त्यांनी पेंड्यांच्या ओळीवरून चक्कर मारली. एक पेंडी उचलून तिला बांधलेला आळा ओढून बघितला, पक्का होता. "काढली की," ते म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "उद्या शेजारच्यांची काढनी हाय. मला कोनी बलावलं न्हाई."

"का?" वहिनीनं विचारलं.

"आपन घेतलं न्हाई म्हंजे आपन देनार न्हाई, असं धरतेत."

वहिनीचा घास हातातच राहिला. "पण मी तर त्यांचे कष्ट..."  दादा म्हणाला, "मी जातो सकाळी. काकूला समजावतो. आणि दिवसभर काम करतो त्यांच्यात."

"समजावून काय सांगशील?" बाबा शांतपणे म्हणाले. "औंदा आलास. फुडच्या साली?"

पुढच्या साली दादा इथं नसणार होता. कारण त्यांचं ठरलं होतं ना. जमलं होतं. ते जाणार होते. आणि सावडीत या वर्षीच्या कामापेक्षा पुढच्या वर्षी कोण येणार हेच मोठं असतं, हे त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. बाबा स्वतः जाऊ शकले असते. पण गुडघ्यामुळं त्यांचं वाकणं कमी झालंय, आणि त्यांच्यामागं कोण, हा प्रश्न तर तसाच राहिला असता.

हात धुताना वहिनी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आम्ही तिथली माती विचारली, पाऊस विचारला. शेजारी कोण आहे ते विचारलंच नाही." मला वाटलं ती आता जायचं नको म्हणेल. पण ती म्हणाली, "विचारलं पाहिजे," आणि मोबाइल घेऊन बसली.

सकाळी आईनं माझ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. "डोक्याला बांध काहीतरी. बाबासंगं जा."

"मी? मला सोमवारी परभणीला जायचंय."

"सोमवारी जा की. आज काय सोमवार हाय?"

बाबा पुढं चालत होते.  मला कशाला नेताय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग मलाही.

काकूच्या शेतात माणसं ओळीनं उभी होती. प्रत्येकाच्या वाट्याला ज्वारीचा एकेक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. आम्ही बांधावर थांबलो. काकूनं बाबांना बघितलं, मला बघितलं. तिनं या म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. बाबा म्हणाले, "पोरीला आनलंय."

काकू थोडा वेळ टॉवेलची गाठ सारखी करत राहिली. मग तिनं शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं आणि मला हातानं जागा दाखवली. तिच्या डाव्या हाताची पात. मी वाकून पहिलं ताट धरलं तेव्हा ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ही पात दादाची धरायलीस का तुपली?"

 आज हॉस्टेलवर हे लिहितानाही मला ते ठरवता येत नाही. दादा-वहिनी जमीन बघायला जाऊन आले, पुन्हा जाणार आहेत. मला पुढं शिकायचंय, ते अजून तसंच आहे. बाबांनी मला काही विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "उपटू तर द्या काकू."

"उपट," ती म्हणाली. "पर मागं राहू नको. मागं राहिलीस तर तुजी पात मलाच ओढावी लागंल."

मी ताट ओढलं. मुळाला काळ्या मातीचं ढेकूळ आलं. बाकीच्या बाया करत होत्या तसं ते पायावर आपटून झाडलं, आडवं टाकलं, आणि पुढचं धरलं. काकू तोवर चार ताटं पुढं गेली होती.