कापराचा किस्सा

माझ्या मित्राचा एक किस्सा आहे आणि तो मला संपवायचा आहे. मित्र नव्हे, किस्सा. जरी मध्यंतरी असे काही दिवस गेले की दोन्हींत मला फारसा फरक वाटत नव्हता.

तो किस्सा त्याने लग्नांत सांगितला, मुंजीत सांगितला, माझ्या साठीशांतीत माइक हातात घेऊन सांगितला. तो असा आहे. आम्ही दोघे मित्र आपापल्या बायकांसह सिक्कीमला गेलो होतो. गंगटोकहून नाथू-लाच्या खिंडीपर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा एका दिवसाचा प्रवास. "वहिनींनी हट्टच धरला, मला चीन बघायचाय! बरं, म्हटलं, चला. वर पोचतो तर वहिनींचे डोळे पांढरे! आणि हा आमचा वीर," इथे तो माझ्याकडे बोट दाखवतो, "भिजलेल्या मांजरासारखा गप्प. मग मी खिशातून कापूर काढला, वहिनींच्या नाकाशी धरला. कापूर पेटावा तशा वहिनी पेटल्या की हो! ताडकन उठून म्हणतात कशा, भावजी, फोटो काढा!"

लोक हसतात. मीही हसत आलो.

पुण्यात माझ्या बायकोच्या शोकसभेतही त्याने तो सांगितला. 'फोटो काढा'च्या आधी त्याने एक आवंढा गिळला, एवढाच काय तो फरक. लोक तिथेही हसले, जरा हळू.

नंतर मुलीने मला आयर्लंडमध्ये, लिमरिकला आणलं. ती इथे एका कारखान्यात इंजिनियर आहे. एकदा नातीला शाळेत आपल्या आजी-आजोबांबद्दल बोलायचं होतं. मी विचारलं, "आजीबद्दल काय सांगणार तू?" ती म्हणाली, "शी वॉज द कॅम्फर वन, राइट?"

आजीचं तिच्याकडे एवढंच उरलं होतं. कापूरवाली. त्या दिवसापासून मी डूख धरला.

आता खरं काय झालं ते सांगतो.

माझ्या बायकोने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तिला चीन बघायचा नव्हता. तिला ती वाट बघायची होती. तिबेटातून लोकर आणि मीठ, इकडून कापड आणि तांदूळ, असं खेचरांच्या पाठीवरून जिथून गेलं, त्या वळणांना खरंच खेचर चढू शकतं का, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. पोरांना फळ्यावर नुसती रेघ काढून दाखवली, म्हणायची, एकदा त्या रेघेवर उभं राहू दे.

खिंडीत चीन बघायचा हट्ट माझ्या मित्राचा होता. तो जीपमध्ये पुढे बसला. तो नेहमीच पुढे बसतो. मागे आम्ही तिघं. निघण्यापूर्वी त्याने सगळ्यांना रुमालाच्या टोकाला बांधलेला कापूर वाटला. आपल्याकडचे लोक उंचावर जाताना कापूर नेतात, तो हुंगला की प्राणवायू मिळतो असं आपलं आपणच ठरवून टाकलेलं आहे. नाकाला झोंबतं एवढंच खरं. आणि कापराबरोबर त्याने सूचना दिली, "वर बाथरूमची सोय नाही. बायकांनी पाणी जरा बेतानं."

बायकांनी बेतानं नाही, प्यायलंच नाही. सकाळच्या चहानंतर दोघींनी पाण्याला तोंड लावलं नाही. त्या पिढीच्या सगळ्या बायका प्रवासात हेच करत आल्या. आम्हा पुरुषांना रस्त्याची कुठलीही कड चालत होती, आणि मी बायकोच्या डोळ्यांदेखत बाटली रिकामी केली.

वळणं सुरू झाल्यावर ती काचेला नाक लावून बसली होती. "ते बघा, ती जुनी वाट. रस्त्याच्या वरून गेलीय ती." डोंगराच्या अंगावर एक फिकट रेघ दिसत होती. तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. प्रवास तिथेच संपला असता तरी तिला चाललं असतं.

छांगू तलावापाशी तिचं डोकं ठणकायला लागलं. ती उतरून बाजूला जाऊन ओकली. परत येऊन अगदी शांतपणे म्हणाली, "मला खाली न्या. मी पाहायचं ते पाहिलं. वर नको."

"वहिनी, आता आलंच की," मित्र म्हणाला. "वर पोचलात की बरं वाटेल. कापूर हुंगा."

"भावजी, कापूर राहू दे. मला खाली न्या."

"अहो, परवाना आजचाच आहे. पुन्हा कोण येतंय इथे?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनेही मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "साब, वापस?" मी खिडकीबाहेर तलाव बघितला. याकवर बसून कुणीतरी फोटो काढून घेत होतं. मी म्हणालो, "चलो."

वर पोचेपर्यंत तिची जीभ जड झाली होती. जीपमधून उतरवलं तर पाय एकमेकांत अडकत होते. तिला परत आत बसवलं, मित्राच्या बायकोला तिच्याजवळ ठेवलं, आणि आम्ही दोघं पायऱ्या चढून कुंपणापर्यंत गेलो. पलीकडचा सैनिक पाहिला. आपापल्या टोप्या सावरून एकमेकांशेजारी उभे राहिलो. परत आलो तेव्हा लष्करातल्या एका माणसाने तिच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता आणि तो मित्राच्या बायकोवर ओरडत होता, की हिला आधी खाली का नेलं नाही. ती बिचारी रडत होती.

उतरताना, तलावाच्या बऱ्याच खाली आल्यावर, ती माणसात आली. 'भावजी, फोटो काढा' असं ती कधीही म्हणाली नाही. हॉटेलवर आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, ती एवढंच म्हणाली, "पाहिलात ना चीन दोघांनी? झालं तर मग."

त्यानंतर आमच्या घरात आरतीला कापूर लागला नाही. तिला तो वास सहन होत नसे. सासरच्या मंडळींनी नावं ठेवली, तिने कारण सांगितलं नाही. मीही नाही. मित्राच्या किश्शात मी नुसता घाबरट होतो. खरं पाहता मी त्याहून वाईट होतो. स्वस्तात सुटत होतो, म्हणून हसत होतो.

तर यंदा हा मित्र आपल्या मुलाकडे डब्लिनला, सँट्रीला आला. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा गणपती रविवारी होता, त्यासाठी तो शुक्रवारी लिमरिकला आमच्या घरी उतरला. आल्या आल्या म्हणाला, "रविवारी किस्सा हवाय म्हणतायत तुमचे लोक. फोन आला होता मला." मी म्हटलं, "सांग की." आणि मुलीला म्हटलं, उद्या काकांना डिंगलकडची ती खिंड दाखवून आणू. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

ती खिंड म्हणजे जेमतेम आपल्या पर्वतीहून जरा बरी. सिंहगड तिच्या कितीतरी वर. पण वरचा रस्ता अगदी अरुंद, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला बुटकी भिंत, आणि मध्ये थांबायची सोय नाही. मला उंची नकोच होती. मला तो रस्ता हवा होता.

सकाळी मी स्वतः चहा केला. त्याला दोन मग पाजले. "इथला चहा पातळ असतो रे, घे अजून." गाडीत पाण्याची मोठी बाटली दिली. "पाणी पीत राहा, या वयात पाणी कमी पडू देऊ नये." त्याला प्रोस्टेटचा त्रास आहे हे मला ठाऊक होतं. निघण्यापूर्वी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, मुलगी आता कपाटाला प्रेसच म्हणते, गणपतीसाठी आणलेल्या डबीतला कापूर घेतला आणि रुमालाच्या टोकाला बांधला.

"काका, तुम्ही पुढे बसा," मुलगी म्हणाली. तो बसलाच होता. मी त्याच्या मागे. त्याची मान बघत बसायला मला आवडलं.

वाटेतल्या ट्रली गावच्या पेट्रोल पंपापाशी तो म्हणाला, "जरा जाऊन येऊ का?"

"पुढे चांगली सोय आहे," मी म्हणालो. पुढे काही नव्हतं.

मुलीने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण मागून गाड्या येत होत्या, ती निघाली. चढ लागला तसं धुकं आलं.  मित्र गुडघे जवळ घेऊन बसला.

"पोरी, थांबव जरा कुठेतरी."

"काका, इथे नाही थांबता येणार, समोरून गाड्या आहेत. जागा मिळाली की लगेच थांबते हं."

"अगं, नाही जमत आता. परत फिरव."

"आता आलंच की," मी मागून म्हणालो. "वर पोचलास की बरं वाटेल."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. मला त्याचा अर्धा चेहरा दिसला, घामेजलेला. समोरून एक गाडी आली, मुलीला मागे घ्यावी लागली, मग आणखी एक. खिंडीच्या माथ्यावर पोचून तिने गाडी लावेपर्यंत उशीर झाला होता. तो उतरून भिंतीआड गेला. दोन मेंढ्या त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. परत आला तेव्हा रेनकोट पुढे ओढून धरला होता. मी गाडीतून उतरलो, खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या नाकाशी धरला.

"हुंग. कापूर आहे. आता फोटो काढायचा का?"

त्याला समजायला वेळ लागला नाही. हसून उडवील असं मला वाटलं होतं. त्याने माझा हात बाजूला सारला.

"इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस होय? भर मांडवात हसत होतास लेका."

"ती कधी म्हणाली रे, फोटो काढा? खाली न्या म्हणत होती ती. तू नेऊ दिलं नाहीस."

"मी? जीप माझ्या बापाची होती? ड्रायव्हरने कुणाला विचारलं होतं?" वाऱ्यात त्याचा आवाज चिरकला. "'चलो' कोण म्हणालं होतं? मी नाही म्हणालो. मी निदान काहीतरी बोलत तरी होतो. तू तलाव बघत होतास. तो शब्द मी किश्शातून गाळला, इतकी वर्षं गाळतोय. कुणासाठी?"

मुलगी गाडीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. त्याचे ओले पाय बघून मला आनंद झाला होता, आणि तो आनंद त्याने एका शब्दात हिरावून घेतला म्हणून मी त्याच्यावर आणखीच चिडलो.

मुलीने त्याला डिक्कीतला टॉवेल दिला. डिंगल राहिलं, तिने गाडी तिथूनच उलटी फिरवली. ट्रलीला न सांगता पेट्रोल पंपावर थांबली आणि काकांना हात धरून आत नेलं. परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "आई घरी कापूर का लावू देत नव्हती, ते आज कळलं मला. मी तिला देवाधर्माचा कंटाळा म्हणून चिडवायचे." मग आमच्या दोघांपैकी कुणाकडेही न बघता, "माझ्या मुलीला हे उद्या कोण सांगणार, ते तुम्ही ठरवा. एकाने सांगा नाहीतर दोघांनी. पण किस्सा पुन्हा ऐकायचा नाहीये मला."

रविवारी हॉलमध्ये आरती झाली. मुलगी कापूर लावायला पुढे झाली नाही, तो दुसऱ्या कुणी लावला. जेवणाआधी निवेदक म्हणाला, "काका, तो नाथू-लाचा किस्सा!" टाळ्या पडल्या. मित्र खुर्चीतून अर्धा उठला. सवय होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत बसला. "माझा घसा बसलाय. हा सांगेल."

मी उठलो. त्याला सोडलं नाही. हट्ट कुणाचा होता, पाणी कुणी बंद केलं, 'आता आलंच की' कोण म्हणालं, सगळं सांगितलं, तो समोर बसलेला असताना, त्याच्याकडे बघत. मग 'चलो'ही सांगितलं. तो शब्द गाळून खाली बसायचा मोह मला अगदी शेवटपर्यंत होता. कुणी हसलं नाही.  बसलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. जेवताना त्याने पुरण ताटात तसंच ठेवलं. त्याचा तो किस्सा आता लिमरिकात तरी कुणी मागणार नाही.

नात माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत.

"सो आजी वॉज राइट?"

"हो."

"अँड यू वर राँग?"

"हो."

तिने हनुवटीने पलीकडे, माझ्या मित्राकडे खूण केली. "अँड युवर मॅन?" इकडे कुणाचं नाव घ्यायचं नसलं की तसं म्हणतात.

"तोही."

 तिने माझ्या ताटातला पापड मोडून घेतला आणि म्हणाली, आजीला जी वाट बघायची होती तिच्याबद्दल सांग, त्या खेचरांच्या वाटेबद्दल. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि सुरुवात केली.