चहाआधीची उपकारस्तुती

गेल्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. शब्द परत येतील, कदाचित नाही येणार, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढं तर मीही सांगितलं असतं, फी न घेता! बुधवार पेठेतून मी अक्षरांचा तक्ता आणला. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसासमोर रोज सकाळी 'अ अननसाचा' धरायचं. हे तक्त्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. मला भाषण नको होतं. एक शब्द हवा होता. शिवीसुद्धा चालली असती.

देवाकडेही तेवढंच मागत होते. तोही बोलत नव्हता. घरात दोघे गप्प आणि मी आपली एकटी बडबडतेय.

असे चार महिने गेले आणि आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा ठरली. चर्चमधली आम्ही दहा-बारा माणसं दर महिन्याला एकेकाकडे जमतो, गोल बसतो, आणि पाळीपाळीने प्रत्येकाने एका तरी गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. सुटका नाही. पाळकसाहेबांना म्हटलं, "ह्या वेळी आमचं घर वगळा." तर म्हणाले, "अहो बाई, संकटातच तर आभार मानायचे!" पाळकसाहेबांचं काय जातंय सांगायला? त्यांची बायको दिवसभर त्यांच्याशी भांडते, आणि ते भांडणाला उत्तरही देऊ शकतात.

तरी चिवडा केला, ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं.

एका मावशींनी सुनेला दिवस गेले म्हणून आभार मानले. एका काकांनी सोसायटीत टँकर वेळेवर येतो म्हणून. मग माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि तोंड सुटलं.

"हे प्रभू, तुझे आभार. एकतीस वर्षांत ह्या माणसाने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. मधेच व्याकरण सुधारायचे. आता मी वाक्यं पूर्ण करते. चांगली लांबलचक करते. पण मेलं चूक काढायलाच कुणी नाही, तर बोलण्यात काय मजा? एवढंच. आमेन."

पाळकसाहेब फरशीचं निरीक्षण करत होते. आणि हे हसले! अर्ध्या ओठाने, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पाळकसाहेबांनी घाईघाईने पलीकडच्या बाईंकडे मान वळवली. "थांबा," मी म्हटलं. "मधे ह्यांची पाळी आहे."

आता आमच्या मंडळींची एक खोड सांगते. प्रार्थनेत कुणी जरा थांबलं की त्यांना शांतता सोसत नाही, लगेच एका सुरात "आमेन!" ठोकून देतात. ह्यांनी श्वास घेतला, ओठ जुळवले, की "आमेन!" एक बाई तर पदर सावरून उठल्यासुद्धा. ह्यांनी चांगला हात खुर्चीवर आपटला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा "आमेन!"

"आता जो आमेन म्हणेल त्याला चहा मिळणार नाही," मी म्हणाले. लागू पडलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी पार्किंगवरून भांडत होतं. ह्यांच्या कपाळावर घाम आला, मान थरथरायला लागली. मला वाटलं, पुरे झालं, चारचौघांत कशाला माणसाचे हाल. मी उठणार, एवढ्यात ह्यांनी डावा हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

"ही," ते म्हणाले.

एकच अक्षर, तेही वाकडं निघालं. पण सगळ्यांना कळलं, आभार कोणासाठी. एकतीस वर्षं ह्या माणसाने लोकांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं ते माझी चूक दाखवायला. त्या संध्याकाळी ते मला देवाला दाखवत होते. मी पाळकसाहेबांसमोर, मावशींसमोर, सगळी लाज सोडून भोकाड पसरलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.