जन्नतबीच्या घरचा फ्रिज

मुखेडच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत गरिबी वर्षातून एकदाच यायची, जुलै महिन्यात, लातूरहून साहेब येणार असले की. आदल्या दिवशी घराघरातून कूलर, मिक्सर, टीव्ही निघायचे आणि चादरीत गुंडाळून एकाच दारात शिरायचे. ते दार जन्नतबीचं.

जन्नतबी गाद्या भरायची. नवरा पिंजारी होता. तो गेला, त्याचं काम तिच्या हातात राहिलं. तिच्या लांबट खोलीत आढ्यापर्यंत गाद्या, रजया आणि कापसाची गाठोडी. कापसाचा स्वभाव मायाळू. तो कशावरही पसरतो आणि खाली काय आहे ते कुणाला सांगत नाही. जन्नतबीनं हा स्वभाव उचलला होता, मायाळूपणा तेवढा वगळून.

लातूरच्या दालमिलवाल्यांनी काढलेलं एक मदत मंडळ होतं. खासगी कॉलेजात जाणाऱ्या होतकरू मुलांना ते फीसाठी पैसे देई, पण आधी घराची ‘पाहणी’ करी. घरात फ्रिज दिसला की मदत गेली. घर फारच कळकट दिसलं तरी साहेबांचा चेहरा पडे, कारण फोटो चांगला येत नसे. भिंतीचे पोपडे चालत, जळमटं चालत नसत. मुलीच्या डोळ्यांत पाणी यावं, पण आवाज स्पष्ट असावा.

“मांगायची बी परीक्षा असती बघ,” जन्नतबी नातीला, लुबनाला म्हणायची. “अन् पेपर कोण काढतंय? ज्यानं जन्मात कधी मांगितलं न्हाई, त्यो.”

सामान लपवायला येणाऱ्यांचीही ती गय करत नसे. “ठेव तिथं. अन् जाताना त्वांड बी हितंच ठेवून जा, उद्या रडकं लावायचंय,” असं ती तोंडावर बोले. पण ठेवणावळ म्हणून कुणाकडून कधी काही घेतलं नाही, आणि कुणाचं काय आपल्याकडं आहे हे दुसऱ्याला कधी कळू दिलं नाही. अमानत म्हणजे अमानत.

या वर्षी मात्र तिच्याच घरात अर्ज होता. लुबनाला लातूरच्या खासगी कॉलेजात बी.फार्मसीला जागा मिळाली होती. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाला होता, पण कॉलेजवाले म्हणाले, ती येईल तेव्हा येईल. पहिला हप्ता महिनाअखेर भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. लुबनाचा बाप ताहेर धर्माबादच्या बाजारात मिरचीची पोती उचलायचा. त्यानं फोनवर नुसता खोकला काढला. राहिलं मंडळ.

शेजारच्या महादेवीनंही लेकीसाठी, स्वप्नालीसाठी, अर्ज केला होता. स्वप्नालीला नर्सिंगला जायचं होतं. महादेवीच्या नवऱ्याचं, मन्मथचं, बाजारात किराणा दुकान होतं. ते भावाच्या नावावर होतं, म्हणजे कागदावर नव्हतंच. महादेवीची पाहणी रविवारी, जन्नतबीची मंगळवारी. शनिवारी संध्याकाळी मन्मथनं फ्रिज आणि वॉशिंग मशीन हातगाड्यावर घालून आणलं. फ्रिजच्या दारावर महात्मा बसवेश्वरांचा स्टिकर होता.

“तेवढा काढा की,” लुबना म्हणाली.

“निघत न्हाई, पोरी. लई चिकट हाय,” मन्मथ म्हणाला.

जन्नतबीनं मशीन आडवं पाडून त्यावर दोन पातळ गाद्या टाकल्या आणि फ्रिजला दुहेरी रजई गुंडाळली.

रविवारी सकाळी साहेब आले. मंडळाचे अध्यक्ष अमृतराव, बरोबर मोबाईलवर शूटिंग करणारा एक जण. महादेवीनं भिंतीवरचा टीव्हीचा खिळासुद्धा उपटला होता आणि ती सासूचं जुनं लुगडं नेसली होती. स्वप्नाली रडली, महादेवीही रडली. अमृतराव गहिवरले, दोन प्लेट पोहे खाल्ले आणि मदत तिथल्या तिथं जाहीर केली.

मग त्यांना वाटलं, एवढ्या लांब आलोच आहोत, तर मंगळवारचं घरही आजच उरकावं. डिझेल वाचेल.

ते आत आले तेव्हा जन्नतबी सुईत दोरा ओवत होती. लुबना चटई अंथरायला धावली. महादेवी साहेबांच्या मागोमाग आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

“उठू नका आजी, उठू नका,” म्हणत अमृतराव समोरच्या गाद्यांवर बसले. बसले ते वॉशिंग मशीनवर. बुडाखाली पत्रा कर्रकन वाजला. “अरे! फार कडक गादी आहे.”

“कापूस नवा हाय,” जन्नतबी म्हणाली.

मोबाईलवाल्याला भिंतीला टेकून उभं राहायचं होतं. भिंत म्हणून तो ज्याला टेकला, त्याची रजई सरकली. फ्रिज उघडा पडला, बसवण्णांसकट.

अमृतरावांनी स्टिकरकडं पाहिलं. मग दारातल्या महादेवीकडं, तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं. साहेबांना कळलं, आणि कळलं हे जन्नतबीलाही कळलं. पण पोहे पोटात होते, मदत जाहीर झाली होती आणि व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर जाऊन त्याला हात जोडल्याची उत्तरंही आली होती. मूर्ख ठरण्यापेक्षा आंधळं ठरणं माणसाला स्वस्त पडतं.

“हा फ्रिज कुणाचा, आजी?”

लुबनानं दादीचा पदर ओढला. “दादी, खरं बोल.”

“नक्को. चुप बैठ,” जन्नतबी पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, “माझ्या घरात हाय. कुनाचा असंल?”

“दारावर बसवेश्वर?”

“का? हितं यायला त्यांना मनाई हाय का?”

अमृतराव महादेवीकडं वळले. “काय ताई, तुम्ही शेजारी. यांचाच ना हा फ्रिज?”

जन्नतबीनं सुई खाली ठेवली. तिनं अमानत सांभाळली होती. आता जिची होती तिनं एक शब्द बोलायचा होता. महादेवीनं लुबनाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं.

“हाव,” ती म्हणाली. “त्यांचाच हाय.”

अमृतरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि अर्जावर शेरा मारला, ‘आर्थिक स्थिती बरी’. उठताना गादीवर हात फिरवत म्हणाले, “काम सुबक आहे हो. मुलाचं लग्न आहे आमच्या. दोन गाद्या लातूरला पाठवा, जरा गरिबाच्या भावात लावा.”

“गरिबाच्या भावात गरिबाच्या घरी मिळंल, साहेब. आता तुम्हीच लिवलंय न्हवं?”

साहेब हसले. हसू त्यांना येत नव्हतं तरी हसले, आणि गाडीत जाऊन बसले.

दिवेलागणीला मन्मथ हातगाडा घेऊन आला, महादेवी मागं. घराचं दार उघडंच होतं आणि फ्रिजचंही. फ्रिज भिंतीला नीट लावलेला, त्याची वायर बोर्डात खोचलेली. आत नुसता पाण्याचा तांब्या, आणि त्या तांब्यावर पिवळा उजेड.

“जन्नतबी, न्यायला आलो,” मन्मथ म्हणाला.

“काय?”

“फ्रिज. मशीन.”

“कुनाचा फ्रिज?” जन्नतबी शांतपणे टाके घालत राहिली. “महादेवी, तू उंबऱ्यात हुतीस. माझा हाय म्हणली असतीस तर अमानत हुती. मी डोक्यावर घिऊन आनून दिली असती.”

“अवो, पोरीचं नुकसान झालं असतं!” महादेवी रडायला लागली. यावेळी खरं रडत होती, त्यामुळे सकाळइतकं बरं दिसत नव्हतं.

“कुन्या पोरीचं?”

लुबना कोपऱ्यात कापूस विंचरत होती. तिनं मान वर केली नाही.

“ही काय रीत झाली?” मन्मथचा आवाज चढला. “मी गल्ली गोळा करीन!”

“कर की. पर गोळा करून सांगशील काय?”

मन्मथनं गल्लीकडं पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मंडळाचा चेक अजून हातात यायचा होता.

“लुबनाचा पहिला हप्ता लातूरला भरून ये,” जन्नतबी म्हणाली. “उसना धर. शिष्यवृत्ती आली की परत दीन, न्हाई आली तर गाद्या भरून फेडीन. पावती दाव अन् तुझा फ्रिज ने, मशीन बी ने. तवर दोनी माझं.”

दोघं रिकामा हातगाडा ढकलत गेले. त्याचं एक चाक गल्लीभर किरकिरत राहिलं.

“दादी,” लुबना हळूच म्हणाली, “आन् त्यानं न्हाईच भरला तर?”

“भरतंय. उन्हाळा न्हाई, पर बाई हाय घरात. फ्रिजबिगर ऱ्हाऊ देती व्हय ती?” जन्नतबी उठली. तिनं फ्रिजमधला तांब्या काढला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्याच्यासाठी खोटं बोलतेत,” ती म्हणाली. “दात ठनकतेत नुस्ते.”

आठवडा सरायच्या आत मन्मथ पावती घेऊन आला. जन्नतबीनं ती लुबनाला वाचायला लावली, मगच वायर काढली आणि मशीनवरच्या गाद्या उतरवल्या. जाताना फ्रिजला तिनं रजई गुंडाळून दिली, चांगली, दुहेरी. गल्लीत नजर लागू नये म्हणून, असं ती म्हणाली.